जुन्या गाडीच्या रंगावर पहिल्यांदा पॉलिशिंग मशीन फिरवताना

गाडी धुऊन सकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा आणि बोनेटमध्ये दिसणाऱ्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. खरं तर त्या रेघा सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून त्यांचं गोल जाळं दिसतं. गडद रंगाच्या गाडीवर हे उठून दिसतं, पांढऱ्या आणि सिल्व्हर गाडीवर टॉर्च जवळ धरावी लागते.

हे जाळं घालवण्याचा मार्ग एकच: रेघेच्या तळापर्यंतचा रंग घासून काढणं. पॉलिश लावलं की चमक ‘चढते’ असं आपण म्हणतो, पण मशीन आणि कंपाउंड (पॉलिशपेक्षा कडक घासणारी पेस्ट) मिळून वरचा थर उतरवतात, आणि उरलेला पृष्ठभाग सपाट झाल्यामुळे तो चमकतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, म्हणजे आपण केसाहून पातळ थरावर काम करणार आहोत. एका हलक्या पॉलिशिंगमध्ये यातला एखाद-दुसरा मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडिंगमध्ये त्याहून जास्त. गेलेला थर परत येत नाही. पॅड (मशीनला लावायची फोमची गादी) कोणता, वेग किती, कुठे थांबायचं, हे सगळं या एका गोष्टीवर ठरवायचं.

आधी गाडी तपासा

काही गाड्यांना मशीन लावूच नये. छतावर किंवा बोनेटवर पांढरट चट्टे पडून कडेने पापुद्रे सुटत असतील, तर तो क्लिअर कोट संपलेला आहे. तिथे पॅड फिरवला तर चट्टा मोठा होतो. त्याला पॅनेल पुन्हा रंगवणं हाच उपाय. रंगाला भेगा पडल्या असतील तरी तेच. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा: नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, त्याचा नाद सोडा. कडा थोड्या मऊ करता येतील, पण पूर्ण घालवायला गेलात तर खालचा रंग उघडा पडेल.

जुन्या मारुती ८००, अँबेसेडर, पद्मिनी यांच्या साध्या रंगांवर बहुधा क्लिअर कोट नसतो, रंग एकाच थरात असतो. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून बघा. कापडाला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे. अशा गाडीवर पॅड रंगीत होणारच, घाबरू नका. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग लागला, तर मशीन त्याच क्षणी बंद करा. क्लिअर कोट तिथे संपला आहे.

जाडी मोजायचा गेज कुणाकडे मिळाला तर जरूर वापरा. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा. सगळीकडे ११०-१२० येत असताना एका दारावर २०० च्या पुढे आकडा आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे, ३०० च्या बरंच पुढे गेला तर खाली बहुधा पुट्टी आहे. पुन्हा मारलेला रंग जाड असला तरी मऊ असू शकतो, त्याची चाचणी (खाली दिली आहे) वेगळी घ्या. ८० च्या खाली आकडा आला तर कंपाउंड बाजूला ठेवा आणि फक्त फिनिशिंग पॉलिशवर समाधान माना. साधे गेज पत्र्यावरच चालतात, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

धुणं, आणि नागपूरची धूळ

कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना गाडीवर बसणारी राखाडी भुकटी सांगायला नको. कोळशाच्या राखेत सिलिका असते, आणि तिचे कण रंगापेक्षा कडक असतात. सकाळी त्यावर कोरडं फडकं मारलं की जाळं तयार झालंच समजा. म्हणून आधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा, हात न लावता. मग दोन बादल्या घ्या: एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. धुण्याचा मिट (हातमोजा) वरून खाली फिरवायचा आणि प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात झटकायचा. कपड्यांची पावडर नको.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. बोअरचं जड पाणी उन्हात गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग राहतात. खिडकीच्या कूलरखाली उभ्या गाडीवर तर उन्हाळाभर थेंब उडत असतात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. बचतीची भावना चांगली, पण ज्या क्षारांपासून आपण पळतोय ते त्याच पाण्यात जास्त एकवटलेले असतात. ते पाणी अंगण धुवायला वापरा. गाडीला शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या आणि लगेच पुसून घ्या. पांढरा व्हिनेगर आणि आरओचं शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून ओल्या कापडाने अर्धा-एक मिनिट डागावर धरला तर ताजे डाग सुटतात. मग तो भाग धुऊन टाका. रंगात खड्डा करून बसलेले जुने डाग असे जात नाहीत. त्यातले काही पॉलिशने जातात, काही तसेच राहतात.

धुतलेल्या ओल्या पॅनेलवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं अलगद फिरवा. डोळ्याला स्वच्छ दिसणारं बोनेट पिशवीतून बारीक वाळूसारखं खरखरीत लागतं. ते कण रंगात रुतलेले असतात, आणि आता न काढता मशीन लावलं तर पॅडखाली गोल गोल फिरून नवे ओरखडे पाडतील. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मळता येणारी मातीसारखी वडी. १०० ग्रॅमची वडी एका गाडीला पुरते. तिचा लिंबाएवढा तुकडा चपटा करून, पॅनेलवर शॅम्पूचं पाणी सतत ओतत, जोर न देता सरळ रेषेत फिरवा. खरखर थांबली की पुढे. तुकडा दर थोड्या वेळाने मळून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर फेकून द्या, धुऊन पुन्हा वापरू नका. रुळांजवळ किंवा वेल्डिंगच्या दुकानाशेजारी गाडी उभी राहत असेल तर क्लेच्या आधी आयर्न रिमूव्हर मारा; लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा, नखाने नको.

मशीन आणि बाकी सामान

पहिल्यांदा करणाऱ्याने डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशरच घ्यावा, यात दुमत नाही. त्याचा पॅड फिरतोही आणि हलतोही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. १५ मिलिमीटर थ्रो (पॅड किती हलतो त्याचं माप) आणि ५ इंची बॅकिंग प्लेट (जिच्यावर पॅड चिकटतो ती चकती) पहिल्या गाडीला योग्य. गॅरेजमध्ये दिसतो तो रोटरी पॉलिशर एकाच अक्षावर फिरतो. तो लवकर कापतो, पण नवख्या हातात कडेचा रंग काही सेकंदांत जाळतो आणि उन्हात दिसणारे धुरकट पट्टे मागे सोडतो. घरातल्या ४ इंची ग्राइंडरला पॅड लावायचा विचार तर मनातही आणू नका. रोटरी साधारण ६०० ते ३००० आरपीएमवर चालतो, ग्राइंडर ११,००० च्या आसपास.

पॅड साडेपाच इंची: मध्यम कटचे फोमचे चार, मऊ फिनिशिंगचे तीन. पॅडचा रंग बघून कडकपणा ठरवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. एक मध्यम कंपाउंड आणि एक फिनिशिंग पॉलिश, शक्यतो एकाच कंपनीचे. छोट्या हॅचबॅकला प्रत्येकी २५० मिलिलिटर भरपूर होतं. ३०० जीएसएमच्या पुढची, म्हणजे जाड, दहा-बारा मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेपचे दोन रोल, चांगली टॉर्च आणि आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. आयपीए १५ टक्के, बाकी शुद्ध पाणी असं स्प्रे बाटलीत भरून ठेवा. चष्मा आणि मास्क लावा. अंगठी, घड्याळ आणि बेल्टचं बक्कल काढून ठेवा, आणि मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा. वायर बोनेटवर घासत राहिली तर एका हाताने ओरखडे काढायचे आणि दुसऱ्याने पाडायचे असं होतं.

कधी आणि कुठे

दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस नागपुरात या कामाला उत्तम. हवा कोरडी पण थंड असते, फक्त सकाळचं दव पूर्ण वाळू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो तेव्हा दुपारचा पत्रा हात ठेवू देत नाही. अशा पत्र्यावर कंपाउंड टेकताच वाळतं आणि चिकट पापडी धरतं. करायचंच असेल तर रात्री, पंखा आणि एलईडी लावून. कूलरसमोर नको, त्याचे थेंब आणि वाळ्याच्या काड्या पॅनेलवर येतात. कसोटी सोपी: तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावा. गरम वाटली तर थांबा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बोनेट शेवटी घ्या.

कडुनिंबाखाली काम करू नका. बंद पार्किंग असेल तर आधी जमिनीवर सडा टाका. धूळ बसते, आणि हे पाच मिनिटांचं काम दिवसभर उपयोगी पडतं.

टेप लावण्यात कंटाळा करू नका. काळं प्लास्टिक, रबरी बीडिंग, दारांच्या मुठी, नावाची अक्षरं, हेडलाइटची कड आणि पत्र्याच्या सगळ्या धारदार घड्या झाका. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. रंग जळण्याचे बहुतेक अपघात तिथेच होतात.

चाचणीचा चौकोन

बोनेटच्या मधोमध, कडांपासून दूर, दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. इथे सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करायची: मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पूर्ण चार फेऱ्या द्या (फिरवायचं कसं ते पुढे आहे), पुसा, आयपीएने पुन्हा पुसा, मग टॉर्च तिरपी धरून बघा. आयपीए वगळू नका. पॉलिशमधलं तेल रेघांत भरून बसतं आणि गाडी आरशासारखी दिसते. दोन धुण्यांनंतर जाळं परत येतं आणि दोष पॉलिशला जातो.

दहातल्या सात-आठ रेघा गेल्या असतील तर हीच जोडी पूर्ण गाडीला वापरा. नसतील तर फक्त पॅड बदला, मध्यम घ्या. तरीही नाही, तर मध्यम पॅडवर कंपाउंड. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. काही गाड्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा काचेसारखा कडक. बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा हा चौकोन खरं सांगतो. शंभर टक्के रेघा काढायचा हट्ट धरू नका. उरलेल्या दोन-तीन खोल रेघांसाठी सगळ्या पॅनेलचा क्लिअर कोट उतरवावा लागतो, आणि जुन्या गाडीला ते परवडत नाही.

प्रत्यक्ष फिरवणं

नव्या पॅडवर पहिल्यांदा पॉलिश बोटाने पसरून सगळ्या पृष्ठभागात मुरवा. कोरड्या फोमचा भाग रंगाला लागला तर तो खरवडतो. मग वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. पुढच्या चौकोनांना तीनच पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात पाच-सहा ठिकाणी टेकवा, नाहीतर कंपाउंडचे शिंतोडे काचेवर आणि तुमच्या शर्टावर उडतील. वेग १ वर ठेवून पसरवा, मग सहा अंकी मशीनवर ४ ते ५ वर घ्या.

आता चाल. आडव्या रेषेत, सेकंदाला साधारण चार सेंटीमीटर, म्हणजे वाटेल त्यापेक्षा बरंच हळू. प्रत्येक रेषेने आधीची निम्मी झाकली पाहिजे. आडवी फेरी झाली की उभी, पुन्हा आडवी, पुन्हा उभी. चौकोनाला चार-पाच मिनिटं लागतात. हॅचबॅकवर असे सुमारे चाळीस चौकोन येतात, म्हणजे पुसणं धरून एका टप्प्याला पाच तास. दोन टप्पे असतील तर दोन दिवस काढा, एका दिवसात उरकायला जाऊ नका. कंटाळलेला हात कडेवर घसरतो.

किती दाबायचं, हा सगळ्यांना पडणारा प्रश्न. बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक उभी रेघ मारून ठेवा. काम करताना ती गोल फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागच्या जागी थरथरत राहिली तर पॅड फिरत नाहीये, नुसता हलतोय आणि कापत काहीच नाही. एक तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरका झालाय. मशीनच्या वजनावर हाताचं थोडंसं वजन, इतकंच. वळणदार फेंडरवर ही रेघ वारंवार थांबते. तिथे मनगट वळणाबरोबर फिरवत पॅड सपाट टेकवत राहा.

काम नीट चाललं असेल तर पॅडमागे पातळ, ओलसर, जवळजवळ पारदर्शक थर दिसतो. तो पांढरा भुकटीसारखा उडायला लागला किंवा मशीनचा आवाज कोरडा झाला की थांबा, पॉलिश संपलं आहे. पुसताना मायक्रोफायबर दाबू नका. सुटत नसेल तर आयपीएचा हलका फवारा मारा.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचा. निघालेला रंग आणि वाळलेलं कंपाउंड फोममध्ये साचलं की पॅड कडक होतो, तापतो आणि कापायचा थांबतो. दर सात-आठ चौकोनांनी पॅड बदला. फोम मधोमध खूप गरम लागला तर बाजूला ठेवून दुसरा घ्या. उष्णतेने वेल्क्रोचा डिंक सुटून पॅड मधेच उडून जातो.

बंपर प्लास्टिकचा असतो. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती एका जागी धरून ठेवतं. तिथे वेग ३ वर आणा आणि दोनच फेऱ्या द्या. छतासाठी भक्कम स्टूल घ्या आणि अर्धं छत एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने करा. लांब हात करून पॅड सपाट राहत नाही, आणि उन्हाने सगळ्यात जास्त खाल्लेला क्लिअर कोट छताचाच असतो.

काय बिघडतं, आणि का

कंपाउंडनंतर रंग स्वच्छ पण दुधाळ दिसतो, उजेडात धुकं पसरल्यासारखं. बहुतेक वेळा हे मध्यम पॅडचे अतिबारीक ठसे असतात. मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, वेग ३-४, जवळजवळ शून्य दाब आणि तीन फेऱ्या यांनी ते जातात. तरीही राहिलं तर पॅड स्वच्छ आहे का ते आधी बघा. कंपाउंड लागलेला पॅड फिनिशिंगला वापरणं ही नेहमीची चूक.

रेघा जात नाहीयेत, असं वाटलं की लोक वेग वाढवतात. आधी हात हळू करा, चौकोन लहान करा, पॅड बदला. वेग हा शेवटचा पर्याय.

एखादा भाग अचानक निस्तेज, वेगळ्या छटेचा दिसला आणि आयपीएनेही बदलला नाही, तर क्लिअर कोट पार झाला आहे. त्यावर आणखी पॉलिश म्हणजे आणखी नुकसान. डाग छोटा असेल तर तसाच सोडा, मोठा असेल तर पेंटरकडे.

काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडले तर मऊ टूथब्रश आणि पाण्यात मिसळलेल्या ऑल पर्पज क्लीनरने त्याच दिवशी काढा. वाळून पक्के झाले की त्रास देतात.

शेवटचा थर

टेप काढा, फटीत अडकलेली भुकटी ब्रशने झटका, पूर्ण गाडी आयपीएने पुसा. पॉलिश केलेला रंग उघडा असतो, त्याला त्याच दिवशी झाकायचं. आमची पसंती सिंथेटिक सीलंटला, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कृत्रिम संरक्षक थराला. कार्नोबा वॅक्सची (नैसर्गिक मेणाची) झाक सुंदर असते, पण नागपूरच्या उन्हाळ्यात ते फार दिवस टिकत नाही. सीलंट अगदी पातळ लावा, बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा, पुसा. त्यानंतर बारा तास तरी पाणी किंवा दव लागू देऊ नका. थंडीत रात्री गाडी छताखालीच हवी.

वापरलेले पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, फोमची बाजू खाली करून सावलीत वाळवा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

सकाळी गाडी पुसायला कुणी येत असेल तर त्यांच्याशी आधीच बोला. कोरडं फडकं बंद, धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर टाकणं बंद. त्यांना दोन स्वच्छ मायक्रोफायबर आणि एक वेगळी बादली द्या, आठवड्यातून दोनदाच धुवायला सांगा, आणि आधी पाणी मग हात हा क्रम एकदा सोबत उभं राहून दाखवा.